गिरणीतला डोंगर

यंत्र खोटं बोलत नाही, असं ज्या कुणी पहिल्यांदा म्हटलं त्याला मला एकदा गाठायचंय. आधी चहा पाजीन आणि मग दोन शब्द सुनावीन. त्या वाक्यापायी आमच्या आक्काचा संसार विस्कटायच्या बेतात आला होता आणि दाजींच्या छातीवर दुसऱ्यांदा सुरी चालायची वेळ आली होती. आता गंमत बघा, यंत्र खरंच खोटं बोललं नव्हतं. पण ते पुढे सांगते.

मी रेश्मा. विट्यातल्या एका हॉस्पिटलात ‘उलगडा’ विभाग आहे, तो मी सांभाळते. ज्या प्रोग्रॅममुळे माणसाच्या शरीराचं, पगाराचं किंवा पाण्याचं काही ठरतं, तो त्या माणसाला समजावून दिल्याशिवाय चालवायचा नाही, असा कायदा झाला त्याला आता बरीच वर्षं झाली. सुरुवातीला कंपन्यांनी काय केलं, तर जाडजूड पुस्तकं छापली. लोकांनी सह्या केल्या आणि पुस्तकं माळ्यावर टाकली. मग कुठल्याशा प्रयोगशाळेत कुणाला तरी सुचलं की प्रोग्रॅम वाचून कळत नसतो, हाताळून कळतो. लहान पोर नळ कसा चालतो हे पुस्तकात वाचतं का? फिरवून बघतं, भिजतं आणि शिकतं.

तेव्हापासून उलगडा आला. हे यंत्र मूळ प्रोग्रॅम घेतं आणि लाखो वेळा चालवून बघतं. दर वेळी एखादीच गोष्ट बदलायची आणि उत्तरात काय फरक पडला ते टिपायचं. ज्या ओळींनी काहीच हलत नाही त्या बाजूला ठेवायच्या. शेवटी ज्या चार-पाच गोष्टींवर सगळं फिरतं तेवढ्या उरतात, आणि त्यांचं एक मॉडेल उभं राहतं, टेबलावर, हवेत, प्रकाशाचं. त्याच्या मुठी हाताने फिरवता येतात. तुम्ही मूठ फिरवली की आत खराखुरा प्रोग्रॅम चालतो आणि उत्तर तोच देतो. चित्र तेवढं तुमच्या ओळखीचं असतं. ड्रायव्हरला रस्ता दिसतो, माळ्याला वाफा दिसतो. मी शेकडो माणसांना त्या टेबलाशी बसवलंय. आपल्या शरीरात काय चाललंय हे कळलं की माणसाच्या तोंडावर जी तरतरी येते ती बघायला मिळते म्हणून मी ही नोकरी करते, नाहीतर पगार काय सांगण्यासारखा नाही.

दाजी म्हणजे हणमंत काशीद, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पेठेच्या मागच्या गल्लीत त्यांची पिठाची गिरणी आहे. पाकिटातली पिठं आली, भाकरी थापणारी यंत्रं आली, तरी दाजींच्या दारात डब्यांची रांग काही हटली नाही. दगडाखाली दळलेल्या शाळूची भाकरी खाल्लेला माणूस पाकिटाकडे वळत नाही, आणि वळलाच तर आठवड्यात परत येतो.

मागच्या साली दाजींच्या हृदयाचे ठोके मंदावले. गिरणीतच चक्कर येऊन पडले. डॉक्टर तन्वी बर्गे यांनी डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला, नवीन पद्धतीचा, शिकणारा. म्हणजे कसं, तर हा पेसमेकर हृदयाला विजेचा बारीकसा टोला देत राहतो, आणि माणूस काय करतोय हे ओळखून टोल्यांचा वेग वाढवतो किंवा कमी करतो. शिवाय रोजचा दिनक्रम शिकून घेतो. अमुक वेळेला हा माणूस जिना चढतो असं कळलं, की आधीपासूनच तयारीला लागतो. पहिले दोन-तीन महिने दाजी एकदम टुणटुणीत होते. मग हळूहळू पाय सुजायला लागले. धाप लागायला लागली. संध्याकाळी घरी आले की ताटावरच डुलक्या.

तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पेसमेकरमधली नोंद उघडली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. काका रोज सकाळपासून तासन् तास चढ चढतात असं त्यात दिसत होतं. साधं चालणं नव्हे, चांगला डोंगर. अशा वयात, अशा हृदयाने एवढी दगदग केली तर ते फुगणारच, आणि ते फुगायला लागलंच होतं. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करून दुसरं, जास्त तारांचं यंत्र बसवायचं आणि गिरणी कायमची बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. दाजी एवढंच म्हणाले, की मी तर गिरणीत बसून असतो. कुणी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मीही नाही ऐकलं. पुरुषमाणसं दुखणं लपवतात, हे माझ्या रोजच्या बघण्यातलं होतं.

आक्का मात्र भलत्याच वाटेला लागली. तिने मला फोन करून सांगितलं की ह्यांचं कुठंतरी चाललंय. मला आधी कळेना. मग कळलं आणि हसू आवरेना. सत्तरीकडे झुकलेला, अंगभर पीठ माखलेला माणूस, याचं कुठं चालणार? पण आक्का हसण्याच्या मनःस्थितीत नव्हती. रोज डबे आणणाऱ्या बायका सांगतात की दाजी गिरणीत असतात, पण त्या काय तिथं दिवसभर बसतात? मधल्या वेळात कुठं जात असतील? गावाबाहेरच्या डोंगराच्या पायथ्याला कोण-कोण राहायला आलंय याची तिने मनातल्या मनात उजळणी केली होती, आणि दाजींच्या शाळेतली एक वर्गमैत्रीण सांगलीहून परत आलीय, हेही तिने शोधून काढलं होतं. मी म्हटलं, आक्का, डोकं ठिकाणावर आहे का? ती म्हणाली, यंत्रात दिसतंय ना? यंत्र कशाला खोटं बोलेल?

घरात बोलणं बंद झालं. आक्का ताट वाढायची आणि आत निघून जायची. दाजींनी दोनदा समजावून सांगितलं, तिसऱ्यांदा सांगणं सोडून दिलं. पुण्याहून मुलगा फोन करून बापालाच दटावत होता, की नाना, पोती उचलताय ना लपूनछपून? ज्या माणसाच्या शब्दावर अर्धी पेठ धान्याचे डबे न मोजता ठेवून जाते, त्याच्या शब्दाला त्याच्याच घरात किंमत उरली नव्हती.

ऑपरेशनआधी उलगडा दाखवणं कायद्याने सक्तीचं. दाजींनी टेबलाशी बसायला साफ नकार दिला. छातीत आहे तेवढं पुरे, आता डोळ्यांपुढं कशाला, असं म्हणून ते बाहेर बाकावर जाऊन बसले. तेव्हा त्यांच्या वतीने आक्का बसली.

तिच्यासमोर गॅसची शेगडी आली. वर दुधाचं पातेलं. शेगडीची आच म्हणजे टोल्यांचा वेग, आणि दूध म्हणजे शरीर. ते उतू जाता कामा नये आणि गारही पडता कामा नये. शेगडीच्या बटणावर एक हात होता. हा हात म्हणजे प्रोग्रॅम. मी तिला सांगितलं की हा हात दुधाकडे बघत नाही, त्याला दूध दिसतच नाही. तो फक्त पातेलं किती थरथरतंय ते बघतो. पेसमेकरच्या आत केसाहून बारीक पट्टी असते, शरीर हललं की ती थरथरते. थोडी थरथर म्हणजे माणूस चालतोय, जास्त थरथर म्हणजे चढ चढतोय, असा त्याचा हिशेब. आक्काने पातेलं हलकेच हलवलं, हाताने आच वाढवली. जोरात हलवलं, आच भडकली. तिने सोडून दिलं, आच उतरली. पाच-दहा मिनिटांत ती असं काही खेळायला लागली की मला वाटलं हिला इथं नोकरीलाच ठेवावं. उठताना तिच्या चेहऱ्यावर एकदम शांती होती. मला वाटलं, आता हिची शंका फिटली.

कसली फिटतेय! तिला एवढंच पक्कं झालं होतं की प्रोग्रॅममध्ये घोळ नाही. म्हणजे घोळ माणसात आहे.

रुग्णाला घरी न्यायला आम्ही एक डबी देतो, काडेपेटीएवढी. तिच्यात तोच प्रोग्रॅम असतो आणि हलणं ओळखणारी तशीच पट्टी. ती खिशात टाकायची, जिना चढायचा, बसायचं, अंगणात फिरायचं, आणि फोनवर शेगडीची आच कशी वरखाली होते ते बघायचं. त्यातून आपल्या शरीरातला प्रोग्रॅम कसा विचार करतो ते कळत जातं. आक्काने डबी मागून घेतली. मी कौतुकाने दिली. तिने ती दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींच्या बंडीच्या डाव्या खिशात, आतल्या बाजूने अस्तराखाली टाचून टाकली.

माझ्या अख्ख्या नोकरीत डबीचा असा उपयोग कुणी केलेला मी ऐकलेला नाही. मॉडेल समजण्यासाठी असतं, पाळत ठेवण्यासाठी नाही. पण आक्काला हे कोण सांगणार? दहाच्या सुमाराला तिचा फोन आला, की असशील तशी ये. मी रजा टाकून गेले, तर ही स्वयंपाकघरात फोन समोर ठेवून बसलेली. फोनवर शेगडीची आच मोठी होत चालली होती.

“बघ,” ती म्हणाली. “डोंगर चढायला लागले. चल, आज हातोहात पकडते.”

आम्ही रिक्षात बसलो. तिला आधी गिरणीवरून जायचं होतं, गिरणी बंद आहे हे चार लोकांसमक्ष बघून मग पुढं डोंगराकडे. मी तिच्या शेजारी बसून विचार करत होते की समजा खरंच तिथं कुणी भेटलं, तर मी काय करायचं? फोनवरची आच भडकलेलीच होती.

गिरणी चालू होती. लांबूनच पट्ट्याचा फटफट आवाज येत होता. दारात तीन-चार बायका डबे घेऊन उभ्या होत्या. आम्ही आत गेलो. दाजी उंच स्टुलावर बसले होते, डावा खांदा धान्य ओतायच्या पत्र्याच्या डब्याला टेकवून, डोळे अर्धे मिटून. वरून शाळू पडत होता, खाली पीठ येत होतं, आणि तो डबा, ते स्टूल, खालचा फळ्यांचा माच, असं सगळं बारीक बारीक थरथरत होतं. दाजींची बंडीसुद्धा.

आक्का फोनकडे बघत होती. फोनमध्ये दाजी डोंगर चढत होते. तिने वर बघितलं, दाजी बसले होते. तिने परत खाली बघितलं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी पुढं होऊन मोटरचं बटण बंद केलं. पट्टा मंदावला, दगड थांबले, गिरणीत एकदम शांतता झाली. फोनवरची आच खाली आली. बटण चालू केलं. थरथर सुरू झाली, आच वर चढली. बायका म्हणायला लागल्या की अहो बाई, दळण खराब होईल, पण मी आणखी एकदा बंद-चालू केलंच. आम्ही हॉस्पिटलात मॉडेल टेबलावर ठेवून दाखवतो. आमचं टेबल हलत नाही. पेसमेकर मात्र राहत होता तो या माचावर, आणि ही गोष्ट मॉडेलला कुणी विचारलीच नव्हती.

आणखी वाईट म्हणजे, पूर्वी दाजी गिरणीत उभे असायचे, इकडून तिकडे वावरायचे. ऑपरेशननंतर डॉक्टरांनीच सांगितलं होतं की उभं राहू नका, बसून काम करा. म्हणून ते बसले, आणि बसल्यावर माणूस टेकणारच. आपण बरं होतोय असं समजून ते रोज छातीतलं यंत्र गिरणीला टेकवत होते, आणि यंत्र बिचारं इमानेइतबारे त्यांना डोंगर चढवत होतं. ते शिकणारं असल्यामुळे सोमवारी पेठ बंद असली तरी सकाळी दहाला आपल्या मनानेच आच वाढवायला लागलं होतं.

हे सगळं मी भराभरा सांगत होते आणि ऐकत कुणीच नव्हतं. दाजींचा हात खिशावर गेला होता. त्यांनी अस्तर चाचपलं, टाके उसवले, डबी बाहेर काढून तळहातावर धरली. टाके कुणाचे हे नवऱ्याला विचारावं लागत नाही.

“एवढं विचारायचं सोडून तू हे शिवत बसलीस?” ते म्हणाले.

एवढंच. आरडाओरडा नाही, काही नाही. डबी त्यांनी माझ्या हातात दिली आणि पुढच्या बाईचा डबा उचलला. आक्का दारातल्या पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही दया आली.

डॉक्टर बर्गे बाईंचं मला कौतुक वाटतं. दुसरी कुणी असती तर सारवासारव करत बसली असती. त्यांनी डबी घेतली, स्वतः गिरणीत येऊन पत्र्याच्या डब्यावर ठेवली, भिंतीवर ठेवली, दारापाशी ठेवली. स्टूल हलवून बघितलं, खाली जाड रबर घालून बघितलं. डोंगराची टेकडी झाली, पण टेकडी काही हटेना. दिवसभर विनाकारण पळवलेलं हृदय थकून फुगलं होतं, आणि धावणं थांबलं तर ते बरंचसं पूर्ववत होईल, असं त्यांनी सांगितलं. ऑपरेशन रद्द. त्यांनी दाजींची माफीही मागितली. दाजी म्हणाले, असू द्या हो, तुम्ही मला किती ओळखता? हे वाक्य कुणाला लागलं ते सगळ्यांना कळलं.

पण एक निवड करायची राहिली होती आणि ती सोपी नव्हती. प्रोग्रॅममधला हलणं बघणारा हात बंद करता येत होता. मग गिरणी कितीही थरथरो, आच एकसारखी राहणार. पण मग चढ आला, जिना आला, तरी ती वाढणार नाही, धाप लागेल. हात चालू ठेवला तर चालणं-फिरणं मोकळं, पण गिरणी सोडावी लागणार. मधला मार्ग या पेसमेकरमध्ये नव्हता. पूर्वी अशी निवड डॉक्टर करायचे आणि घरची माणसं देवाला किंवा नशिबाला बोल लावून मोकळी व्हायची. आता प्रोग्रॅम सगळ्यांना कळतो, त्यामुळे निवडही घरात येते, आणि बोल लावायला कुणी उरत नाही. लोक मला विचारतात की तुमच्या या उलगड्याने लोकांचं डोकं नाही का दुखत? दुखतं की! पण ते स्वतःचं डोकं असतं.

आक्काचं मत ठरलेलं होतं. गिरणी बंद करा, चाला, फिरा, नातवंडांकडे जा. दाजी आपणहून टेबलाशी येऊन बसले. त्यांच्यासमोर अर्थातच गिरणी आली. आच नव्हती, दूध नव्हतं. दगडांमधलं अंतर आणि पट्ट्याचा वेग होता, आणि पीठ जाड पडतंय की जळतंय ते बघायचं होतं. त्यांनी मूठ फिरवली, पीठ चिमटीत धरल्यासारखं केलं, पुन्हा फिरवली. हात बंद करून बघितला, चालू करून बघितला. मग मला म्हणाले की समजलं, आता माझ्यावर करून दाखव.

नियमच आहे तसा. डॉक्टरांनी तात्पुरता हात बंद केला आणि दाजींना हॉस्पिटलच्या उतारावरून, स्ट्रेचर नेतात त्या वाटेने, वरच्या मजल्यापर्यंत चालत यायला सांगितलं. डॉक्टर, आक्का आणि मी वर उभ्या राहिलो. डॉक्टरांचे डोळे दाजींची गिरणी दाखवणाऱ्या पडद्यावर, माझे पडद्यावर. दाजी वळणावरून दिसले, कठड्याला हात न लावता. पडद्यावर पीठ जाडंभरडं पडत होतं. शरीर मागत होतं तेवढं मिळत नव्हतं.

दाजी वर पोचले. डॉक्टरांनी विचारलं, काका, कसं वाटलं?

दाजींनी मान वर केली आणि सरळ आक्काच्या डोळ्यांत बघितलं. “काही नाही. आरामात आलो. अगदी आरामात.”

मी पडदा दाखवायला हात पुढं केला, तर आक्काने माझं मनगट धरून खाली केलं. तिने पडद्याकडे बघितलंच नव्हतं.

“खोटं बोलताय,” ती म्हणाली.

दाजी गडबडले. आक्का माझ्याकडे वळली. “हा माणूस खरं बोलताना कधी माझ्याकडे बघत नाही, रेश्मे. पीठ बघत बोलेल, चपला बघत बोलेल. खोटं बोलायचं असलं की डोळ्यांत डोळे घालतो. लग्न झाल्यापासून हेच. दोनदा मला सांगितलं, गिरणीत बसून असतो म्हणून. एकदाही वर बघितलं नाही त्यांनी. आणि मी त्या यंत्राची नोंद बघत बसले.”

दाजी भिंतीकडेच्या बाकावर बसले. आता छाती वरखाली होताना सगळ्यांना दिसत होती.

“दम लागला,” फरशीकडे बघत ते म्हणाले. “चांगलाच लागला. पण गिरणीशिवाय मला करमायचं नाही, सारिका.”

आक्का त्यांच्या शेजारी जाऊन बसली. त्यांच्या वाकलेल्या मानेकडे तिने नीट बघून घेतलं. मग डॉक्टरांना म्हणाली, “तो हलण्याचा हात बंदच ठेवा. चढ आला की मी यांच्याबरोबर सावकाश चालीन.”